बिल म्हणजे नुसता आकडा नव्हे



महिना सुरू झाला की घरात एक शब्द हमखास ऐकू येतो. लाइटचं बिल आलं का? किराण्याचं बिल किती झालं? दुसऱ्याच्या चुकीचं खापर आपल्यावर फुटलं, तर “माझ्या नावावर बिल फाडलं” असंही आपण म्हणतो. सरकारी कागदावर ‘देयक’ छापलेलं असलं, तरी आपल्या तोंडी बिलच बसलंय. आज या दोन अक्षरी इंग्रजी शब्दाची गोष्ट ऐकू या.

ही गोष्ट सुरू होते पाण्याच्या बुडबुड्यापासून! लॅटिन भाषेत बुडबुड्याला ‘बुल्ला’ म्हणत. पुढे बुडबुड्यासारख्या गोल वस्तूलाही तेच नाव पडलं. युरोपात जुन्या काळी महत्त्वाच्या कागदाला दोरीनं शिशाचा गोल शिक्का लटकवत. तो शिक्काही ‘बुल्ला’च. हळूहळू शिक्क्याचं नाव कागदालाच चिकटलं. पोपच्या आज्ञापत्राला इंग्रजीत आजही ‘बुल’ म्हणतात, ते यामुळेच. हाच शब्द इंग्लंडमध्ये थोडा बदलून ‘बिल’ झाला. म्हणजे लेखी कागद. रेडिओवर आपण बातम्यांचं ‘बुलेटिन’ ऐकतो ना, तो शब्दही याच घराण्यातला, फक्त इटलीवरून फिरून आलेला.

एकदा ‘लेखी कागद’ म्हटल्यावर त्याला फांद्या फुटल्या. मालाची आणि किमतीची यादी, ते बिल. वाटायचा जाहिरातीचा कागद, ते हँडबिल. शहरातल्या भिंतींवर ‘स्टिक नो बिल्स’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘इथे जाहिराती चिकटवू नका’. उधारीच्या बिलाशी त्याचा काही संबंध नाही! अमेरिकेत तर खिशातल्या नोटेलाही बिल म्हणतात.

इंग्लंडमध्ये राजाकडे किंवा संसदेकडे काही मागायचं, तर ते लिहून द्यावं लागे. तो अर्जही बिलच. त्यातूनच कायद्याच्या मसुद्याला बिल म्हणू लागले. मराठीत आपण त्याला विधेयक म्हणतो. संसदेनं मंजूर करून राष्ट्रपतींची सही झाली की त्याचा कायदा होतो. तोवर ते बिल.

आपल्या बायकांच्या आयुष्याशी जोडलेलं एक बिल सगळ्यांना ठाऊक आहे, ते म्हणजे हिंदू कोड बिल. लग्न, घटस्फोट, वारसा यांत बाईला हक्क मिळावेत म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यासाठी झटले. ते अडलं, आणि १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्याच्या कारणांत हे एक मोठं कारण होतं. पुढे १९५५ आणि १९५६ साली त्याच विषयांवर वेगवेगळे कायदे झाले. तरी लोकांच्या तोंडी नाव राहिलं ते बिलाचंच.

इंग्रजीत पक्ष्याच्या चोचीलाही बिल म्हणतात. पण ते निराळं, जुन्या इंग्रजीतलं. उच्चार एक, घराणी दोन. आपल्याकडे नाही का, झाडाचं पान आणि विड्याचं ‘पान’ एकाच घरातलं, पण ‘कर’ म्हणजे हात आणि ‘कर’ म्हणजे सरकारी पट्टी, हे अर्थ वेगळे. तसंच.

आता मुद्द्याचं. बिल या शब्दाच्या मुळाशी शिक्का आहे, म्हणजे पुरावा आहे. आपण मात्र बिलावरचा फक्त शेवटचा आकडा बघतो आणि कागद चुरगळून टाकतो. दुकानदार म्हणतो, “ताई, बिल नको असेल तर थोडं कमी करतो.” आपल्यालाही बरं वाटतं. पण महिन्याभरानं मिक्सर जळला, की तो त्याच दुकानातून घेतला हे कशावरून दाखवणार?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. त्यामुळे बिल मागताना संकोच कशाला? तो आपला हक्क आहे.

बिल हातात पडलं की तिथेच वाचा. दुकानाचं नाव, तारीख, वस्तू, दर आहेत ना? सोनं घेताना वजन, शुद्धता आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्या. औषधाच्या बिलावरचा बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळतो का, ते पाहा. बियाणं घेतलंत तर पक्कं बिल, पिशवी, तिचा टॅग आणि मूठभर बियाणं हंगाम संपेपर्यंत जपा. उगवलंच नाही, तर तक्रारीला तोच आधार. आणि शेत तुम्ही कसत असाल, पैसे तुम्ही देत असाल, तर बिलावर नाव तुमचंच घाला.

यंत्रातून येणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात. म्हणून लगेच मोबाइलवर फोटो काढा किंवा झेरॉक्स करून ठेवा. अडचण आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवा : १९१५.

बुडबुडा क्षणात फुटतो. त्याच्याच नावाचा हा कागद मात्र वर्षानुवर्षं आपल्या बाजूनं बोलतो, जपून ठेवला तर! तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या खरेदीला पिशवीबरोबर बिलही मागून घ्या.