जुन्या ट्रॅक्टरची जोडसाधने

राहुरी येथे 1968 च्या सुमारास महात्मा फुले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. त्या काळी शेतात ट्रॅक्टर विरळाच दिसे. ट्रॅक्टर घेताना काही साधने कारखान्यातूनच मागणीप्रमाणे जोडून मिळत. आपली जमीन व पिके पाहून शेतकऱ्याने ती निवडावयाची असत.

राहुरीच्या परिसरातील काळी जमीन खोल नांगरताना नांगराला मोठा अडथळा होतो. मग ट्रॅक्टरचे चाक जागच्या जागी फिरते व इंजिनाची शक्ती वाया जाते. म्हणून मागील चाकांना बिडाची वजने लावीत. त्यामुळे चाकांची पकड वाढे. दुसरे साधन पट्ट्याच्या कप्पीचे. ट्रॅक्टर उभा करून कप्पीवर पट्टा चढविला, की मळणीयंत्र किंवा उसाचा चरक चाले. तिसरे साधन म्हणजे मागील बाजूस फिरणारा दांडा. त्याला शेतकरी ‘पीटीओ’ म्हणतात. तो मिनिटाला सुमारे 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो व त्याला जोडलेले यंत्र फिरवितो.

या दांड्यावर एक आच्छादन बसविता येते. ते नांगरीत नाही की मळीत नाही. म्हणून ते निरुपयोगी वाटते. परंतु धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर उघड्या दांड्यात अडकला, तर हात सोडवावयासही वेळ मिळत नाही. मुलांनो, ट्रॅक्टर जुना असो वा नवा, आच्छादनावाचून हा दांडा कधीही फिरवू नये.