जुनी पद्मिनी, नवे इंजिन

आमची प्रीमियर पद्मिनी १९७५ सालची. तिचे १०८९ सीसीचे इंजिन थकले, तेव्हा नव्या गाडीचे इंजिन बसवावे असे मी वडिलांना सुचविले. पण पद्मिनीत इंजिन उभे बसते आणि गती मागच्या चाकांना मिळते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे, गती पुढच्या चाकांना. म्हणजे इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही बदलणे आले. ताकद वाढली की जुने ड्रम ब्रेक अपुरे पडणार. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मुळे असा बदल मनाने करता येत नाही. आणि २०२१ च्या नियमांनुसार इंजिनात मोठा फेरबदल झालेली गाडी 'व्हिंटेज' ठरत नाही. वडील एवढेच म्हणाले, "मग पद्मिनीचे उरले काय?" आम्ही जुनेच इंजिन दुरुस्तीला उघडले.