व्यवसायोपचाराची डॉक्टरेट कशी मिळते?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस दवाखान्यातून घरी येतो. जीव वाचलेला असतो, पण सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, घास तोंडापर्यंत जात नाही. अशी रोजची कामे पुन्हा शिकवणारे, किंवा वेगळ्या रीतीने करायला लावणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार, अर्थात ऑक्युपेशनल थेरपी. इथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या कामांत जातो ती सारी कामे.

हे शास्त्र आपल्याला परके नाही. देशातले याचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू केले. बारावी विज्ञाननंतर याची पदवी घेता येते. मात्र 'पुढे अमेरिकेत डॉक्टरेट करायची' असे मुले म्हणू लागली की पालक गोंधळतात. ही डॉक्टरेट म्हणजे नेमके काय?

ही पदवी 'ओ.टी.डी.' म्हणून ओळखली जाते. ती पीएच.डी. नव्हे. पीएच.डी.चा भर संशोधनावर, तर हिचा रुग्णसेवेवर. औषधे लिहून देण्याचा अधिकारही तिच्यामुळे मिळत नाही. व्यवसायात प्रवेश देणारा हा अभ्यासक्रम साधारण तीन वर्षांचा असतो. वर्गातला अभ्यास आणि प्राथमिक प्रात्यक्षिके झाल्यावर किमान २४ आठवडे पूर्ण वेळ रुग्णांबरोबर काम करावे लागते.

एवढ्यावर पदवी मिळत नाही. हे सर्व पुरे झाल्यावरच शेवटचा टप्पा सुरू होतो. त्याला 'कॅपस्टोन' म्हणतात. तो १४ आठवड्यांचा, म्हणजे ५६० तासांचा असतो. त्यातले २० टक्क्यांहून जास्त तास ठरलेल्या जागेबाहेर चालत नाहीत. आधीच्या नोकरीचा अनुभव त्यात धरला जात नाही. विद्यार्थी एखादा विषय निवडतो. उदाहरणार्थ, वृद्ध घरात पडू नयेत यासाठीची योजना. ती आखून, राबवून तिचा अहवाल मांडावा लागतो. शिकलेले दुसऱ्याच्या उपयोगी पडते का, याचीच ही परीक्षा.

आता खर्चाचा प्रश्न. अमेरिकेत हे काम करायला डॉक्टरेट सक्तीची आहे का? नाही. २०२७ पासून ती सक्तीची करण्याचे २०१७ मध्ये ठरले होते, पण नंतर तो विचार मागे पडला. आज मास्टर्स आणि डॉक्टरेट असे दोन्ही मार्ग खुले आहेत. दोघांनाही राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा एकच, आणि त्यानंतर ज्या राज्यात काम करायचे तिथला परवाना घ्यावा लागतो.

म्हणून कर्ज काढण्याआधी तीन गोष्टी विचारा. अभ्यासक्रमाला 'एकोट' या संस्थेची मान्यता आहे का? तो नव्याने व्यवसायात येणाऱ्यांसाठी आहे, की आधीच पात्र असलेल्यांसाठी? दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरेटला एकोटची मान्यता नसते. आणि मास्टर्सने काम भागणार असेल तर जादा खर्च कशासाठी?

घरात पक्षाघाताचा रुग्ण असेल, तर मात्र पदवीच्या नावात अडकू नका. आपल्या डॉक्टरांना विचारा, 'व्यवसायोपचार तज्ज्ञ जवळ कुठे भेटतील?' हा प्रश्न जितक्या लवकर विचाराल तितके बरे.