शेती आणि गोड्या पाण्यातील मत्स्यपालन : एका पाण्याचे दोन हिशेब

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत प्रवास केला असेल, तर धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला मातीच्या पाळी घालून अडवलेले तलाव आपण पाहिले असतील. यांतील पुष्कळसे तलाव गोंड राजांच्या काळात बांधले गेले. त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कौशल्य मोठे होते. पुढे मालगुजारांकडे त्यांची मालकी आली, म्हणून त्यांना मालगुजारी तलाव म्हणतात. तलावाचे पाणी धानाला जाई आणि त्याच पाण्यात ढिवर समाज मासेमारी करी. 'एकात्मिक मत्स्यशेती' हा शब्दप्रयोग नवा असला, तरी एकाच पाण्यावर पीक आणि मासा घेण्याचा व्यवहार आपल्याकडे जुनाच आहे. या घटकात आपण हा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहणार आहोत. मासा आणि पीक परस्परांना पूरक आहेत, असे सर्वच पुस्तिका सांगतात. ते खरे आहे. मात्र ही पूरकता आपोआप निर्माण होत नाही. खत आणि पाणी या दोन गोष्टींचा हिशेब चुकला, तर तीच तळी माशांच्या जिवावर उठते.

तळ्यातील अन्नसाखळी

शेतात खत घातले की ते पिकाच्या मुळांना मिळते. तळ्यात घातलेले शेण मासा सहसा थेट खात नाही. शेण कुजते, त्यातील नत्र व स्फुरद पाण्यात उतरतात आणि सूर्यप्रकाशात सूक्ष्म वनस्पती वाढू लागतात. यांना वनस्पती प्लवंग म्हणतात. त्यांवर सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणी प्लवंग, जगतात. उरलेला सेंद्रिय कचरा तळाशी बसतो. म्हणजे एका तळ्यात अन्नाचे तीन थर असतात, आणि आपले तीन प्रमुख मासे हे थर वाटून घेतात. कटला वरच्या थरातील प्राणी प्लवंग खातो, रोहू मधल्या थरात वावरतो आणि मृगळ तळाशी कुजलेले अन्न टिपतो. म्हणूनच हे मासे एकत्र सोडतात. यालाच मिश्र मत्स्यसंवर्धन म्हणतात. चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस या विदेशी जातीही त्यांच्या सोबतीला घेता येतात. यांपैकी गवत्या शेतकऱ्याला विशेष उपयोगी पडतो. बांधावरचे कोवळे गवत तो भराभर खातो, पण त्यातील बराच भाग न पचताच बाहेर टाकतो. ती विष्ठा पुन्हा तळ्याचे खत होते.

येथे एक प्रश्न आपल्या मनात येईल. हे मासे तळ्यात आपोआप का वाढत नाहीत? कटला, रोहू आणि मृगळ पावसाळ्यात वाहत्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करीत नाहीत. त्यामुळे पूर्वी नदीतून बीज गोळा करावे लागे आणि त्यात नको असलेल्या माशांची पिलेही येत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रेरित प्रजनन घडवून आणले. आज गावोगावी मिळणाऱ्या बोटुकलीचे मूळ या प्रयोगात आहे. आपल्याकडे 10 जुलै हा दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच कारणाने.

खत आणि प्राणवायू

आता नाजूक भागाकडे वळू. दिवसा वनस्पती प्लवंग पाण्यात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र तेच प्लवंग, मासे आणि कुजणारे शेण असे सर्वच तो वापरतात. म्हणून तळ्यातील विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. चांगल्या वाढीसाठी तो लिटरमागे सुमारे 5 मिलिग्रॅम असावा. सलग चार दिवस आभाळ भरून राहिले आणि कोणी सवयीने शेणाच्या पाट्या टाकतच राहिला, तर पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून धापा टाकताना दिसतात. अननुभवी माणसाला वाटते, मासे भुकेले आहेत. तो आणखी खाद्य टाकतो. हीच चूक सर्वांत महाग पडते. अशा वेळी खत व खाद्य थांबवावे आणि पंपाने ताजे पाणी सोडावे, किंवा तळ्याचेच पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत पाडावे.

प्लवंग किती झाले हे पाहण्याची एक साधी युक्ती आहे. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून तळवा पाहावा. तो स्पष्ट दिसत असेल, तर खत कमी आहे. त्याच्या कितीतरी आधीच दिसेनासा होत असेल, तर खत थांबवावे. ताज्या शेणापेक्षा गोबरगॅसची मळी अधिक सुरक्षित असते, कारण तिचे कुजणे बरेचसे आधीच झालेले असते व ती पाण्यातील प्राणवायू कमी खर्च करते.

बदकपालनाची जोड याच तत्त्वावर दिली जाते. हेक्टरी 200 ते 300 बदके पुरतात. ती पोहता पोहता खत पसरवतात, गोगलगायी व कीटक खातात, तळ ढवळतात. मात्र ती लहान मत्स्यबीजही गिळतात. म्हणून बोटुकली 10 सेंटिमीटरहून मोठी असावी.

शेततळ्याचा हिशेब

महाराष्ट्रात 'मागेल त्याला शेततळे' ही योजना 2016 मध्ये आली. तिच्यातील मोठ्या आकाराचे शेततळे 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल असते. वही घेऊन आपणच गणित करून पाहा. वरचे क्षेत्र 900 चौरस मीटर, म्हणजे 0.09 हेक्टर. हेक्टरी 5,000 या दराने 450 बोटुकली सोडता येतील. कटला, रोहू व मृगळ यांचे 4 : 3 : 3 हे रूढ प्रमाण धरले, तर 180, 135 आणि 135. बदके हवी असतील, तर 18 ते 27.

पुस्तकी हिशेब येथे संपतो. खरी अडचण यापुढे सुरू होते. काठाचा उतार 1:1 धरला, तर भरलेल्या तळ्यात सुमारे 2,196 घनमीटर पाणी मावते. उन्हाळ्यात द्राक्षाला किंवा डाळिंबाला पाणी देता देता पातळी निम्म्यावर, म्हणजे दीड मीटरवर आली, की काठ उतरते असल्यामुळे पाणी निम्मेही उरत नाही. ते सुमारे 975 घनमीटर राहते. एक मीटरवर आले, तर केवळ 625. मासे मात्र तितकेच असतात आणि वजनाने वाढलेले असतात. पाणी तापलेले असते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पिकाला पाण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच आठवड्यांत माशांनाही असते.

यावरचा उपाय तळ्यात पाणी राखण्याचा नाही, कारण बाग वाळू देऊन मासा वाचवणे कोणालाच परवडणार नाही. पातळी जसजशी उतरेल तसतसे मोठे मासे काढून विकत जावे, म्हणजे उरलेल्यांना जागा राहते. दुसरा मार्ग थोडी मोठी बोटुकली सोडण्याचा. आंध्र प्रदेशातील कोल्लेरू परिसरात वर्षभर दाटीने ठेवून वाढ रोखलेले मासे सोडतात. मोकळी जागा मिळताच ते झपाट्याने वाढतात आणि पाणी असेल तेवढ्या महिन्यांत विक्रीयोग्य होतात.

प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्यात आणखी एक भेद लक्षात ठेवावा. तेथे पाणी झिरपत नाही हा लाभ आहे, पण मातीचा तळही नाही. तळाचा चिखल पोषकद्रव्ये साठवतो आणि हळूहळू सोडतो. तो नसल्याने खत थोडे थोडे व वरचेवर द्यावे लागते आणि मृगळाचे प्रमाण कमी ठेवावे लागते. तसेच प्लवंगांनी हिरवे झालेले हे पाणी पिकासाठी उत्तम असले, तरी ठिबकच्या नळ्यांची तोंडे बुजवते. वाळूची गाळणी बसवल्याशिवाय ते ठिबकला जोडू नये.

पाणी कोणाचे ?

शेततळ्यात मासा आणि पीक एकाच कुटुंबाचे असतात, त्यामुळे हा वाद घरातच मिटतो. मालगुजारी तलावांत तसे नाही. 1951 मध्ये मालगुजारी संपुष्टात आली व तलाव सरकारकडे गेले. आज अनेक तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तर पाण्याचे लाभधारक धान उत्पादक असतात. परतीचा पाऊस चुकला की लोंबी भरण्याच्या वेळी धानाला पाणी सोडावेच लागते. पण तलाव लवकर आटला, तर ज्या संस्थेने बीज विकत घेऊन सोडले तिचे मासे अपुऱ्या वाढीतच काढावे लागतात. एकाचे पीक वाचते आणि दुसऱ्याचे बुडते. तलावात किमान किती पाणी राखायचे, हे दोन्ही पक्षांनी बीज सोडण्यापूर्वीच बसून ठरवले, तर ठेकेदार संस्थेला किती बोटुकली सोडायची याचा अंदाज येतो.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका तळ्याला किंवा शेततळ्याला पावसाळ्यानंतर एकदा व मार्च महिन्यात एकदा भेट द्या. दोन्ही वेळची पाण्याची खोली नोंदवा, वर दिलेल्या पद्धतीने पाण्याचे आकारमान काढा, आणि ते पाणी कोण, कोणत्या कामासाठी, कोणाच्या परवानगीने घेतो ते विचारून लिहा.