हात राखून द्यायची गोळी

नैराश्यावरची पहिली ट्रायसायक्लिक गोळी नैराश्यासाठी बनवलेलीच नव्हती. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातली गायगी ही मुळात रंग आणि रसायनांची कंपनी. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तिच्या प्रयोगशाळेत एका जुन्या संयुगापासून 42 नवी संयुगं तयार झाली. मूळ संयुग 1899 पासून रसायनशास्त्राच्या दप्तरात पडून होतं, त्याचं औषध करावं असं कुणाच्या मनात आलं नव्हतं. 1952 मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिननं स्किझोफ्रेनियाच्या वॉर्डांमधला गोंगाट कमी केला, तेव्हा गायगीनं आपल्या फडताळात तसं काही आहे का, हे पाहायला घेतलं. रचनेत क्लोरप्रोमॅझिनच्या जवळ जाणारा, तीन वलयांचा (म्हणूनच ट्रायसायक्लिक), जी 22355 क्रमांकाचा एक नमुना कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या म्युन्स्टरलिंगन मनोरुग्णालयात रोलँड कून या डॉक्टरांकडे गेला.

स्किझोफ्रेनियावर तो फसला. काही रुग्ण शांत होण्याऐवजी अधिकच अस्वस्थ झाले. एखाद्यानं तिथंच फाइल मिटवली असती. कून यांनी तोच पदार्थ 1956 च्या सुरुवातीला खोल नैराश्याच्या रुग्णांना दिला. पहाटे जाग येऊन छातीवर दगड ठेवल्यासारखे पडून राहणारे हे लोक बोलू लागले, जेवू लागले, पुन्हा कशात तरी रस घेऊ लागले. चाळीसेक रुग्णांच्या अनुभवावरचा लेख ऑगस्ट 1957 मध्ये एका स्विस वैद्यकीय नियतकालिकात आला. पुढच्याच महिन्यात झुरिकच्या जागतिक मानसोपचार परिषदेत कून यांनी हेच मांडलं, तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते. औषधाचं नाव ठरलं इमिप्रामिन, बाजारातलं नाव टॉफ्रानिल.

या कथेला एक काळी किनार आहे आणि ती पुष्कळ उशिरा उजेडात आली. झुरिकच्या इतिहासकार मारिएट्टा मायर आणि सहकाऱ्यांनी कून यांची कागदपत्रं तपासून 2019 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. 1946 ते 1980 या काळात म्युन्स्टरलिंगनमध्ये डझनावारी पदार्थ रुग्णांवर तपासले गेले आणि बहुतेकांना आपल्याला काय दिलं जातंय याची धड कल्पनाही नव्हती. या गोळ्यांच्या सुरक्षिततेचा इतिहास लिहायचा तर पहिलं पान या रुग्णांच्या नावे सोडावं लागेल. त्यांच्या अंगावर शिकूनच पुढचं शिक्षण झालं.

कून यांचं निरीक्षण मात्र बारीक होतं. गुण यायला कुणाला काही दिवस, कुणाला काही आठवडे लागतात, हे त्यांनी सुरुवातीलाच टिपलं. मला वाटतं, या औषधाच्या सुरक्षित वापराची अर्धी गोष्ट या एका नोंदीत आहे. तोंड कोरडं पडणं, पोट साफ न होणं, नजर धूसर होणं, दिवसभर पेंगणं हे सगळं पहिल्या दोन दिवसांत सुरू होतं आणि ज्यासाठी गोळी घेतली तो गुण मागून येतो. मधल्या दोन-तीन आठवड्यांत रुग्णाला आणि घरच्यांना काय सांगितलं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. कुणी काहीच सांगितलं नसेल तर माणूस एकतर गोळी बंद करतो किंवा 'लागू पडत नाही' म्हणून आपल्याच मनानं दोन घेतो. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. शिवाय हालचालीत जोर आधी येतो आणि मनावरचं मळभ नंतर हटतं, असं अनुभवी डॉक्टर सांगत आले आहेत. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रुग्णाला एकटं सोडू नये, ही ताकीद जुनी आहे. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी मुलं आणि किशोरवयीनांसाठी, आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, सगळ्याच नैराश्यविरोधी औषधांच्या वेष्टनावर आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला.

1961 मध्ये अमेरिकेत आणखी एक ट्रायसायक्लिक, ॲमिट्रिप्टिलीन, आलं. त्याच वर्षी फ्रँक आयड या डॉक्टरांनी साध्या फॅमिली डॉक्टरांना नैराश्य ओळखता यावं म्हणून एक पुस्तक लिहिलं आणि ॲमिट्रिप्टिलीन विकणाऱ्या मर्क कंपनीनं त्याच्या 50,000 प्रती घेऊन वाटल्या. आजारही विकला आणि औषधही, असं म्हणणारे आहेत. त्यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. 1965 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं 250 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. चार आठवड्यांनी शॉक ट्रीटमेंट घेतलेल्यांपैकी 71 टक्के, इमिप्रामिन घेतलेल्यांपैकी 52 टक्के आणि नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांपैकी 39 टक्के रुग्ण बरे किंवा जवळपास बरे होते. म्हणजे औषधात दम होता, चमत्कार नव्हता. 39 हा आकडाही विसरण्याजोगा नाही.

आता हृदयाकडे येऊ, कारण या औषधांच्या साठ-पासष्ट वर्षांतला सगळ्यात नाट्यमय भाग तिथला आहे. जास्त मात्रेत या गोळ्या हृदयाच्या स्नायूतले सोडियमचे मार्ग अडवतात. विजेचा संदेश अडखळत जातो आणि ईसीजीवरची एक पट्टी रुंद होत जाते. विषबाधेच्या रुग्णांमध्ये हे सुरुवातीपासून दिसत होतं. पण 1970 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या ग्लासमन आणि सहकाऱ्यांना वेगळंच आढळलं: नेहमीच्या मात्रेत इमिप्रामिन हृदयाचे चुकार ठोके कमी करतं. मग हे हृदयरोग्याच्या फायद्याचंच, असा समज होणं स्वाभाविक होतं. बारा-पंधरा वर्षं तो टिकला. 1989 मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरची कास्ट ही मोठी अमेरिकन चाचणी अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण चुकार ठोके कमी करणारी औषधं घेणाऱ्यांमध्येच मृत्यू वाढले होते. त्या औषधांचं आणि ट्रायसायक्लिकचं काम करण्याचं तंत्र बरंचसं एकच. 1993 मध्ये ग्लासमन यांनी स्वतःच लेख लिहून या औषधांच्या हृदयरोग्यांमधल्या वापराचा हिशेब नव्यानं मांडला. पूर्वी ज्या गुणाचं आपण कौतुक केलं, त्यालाच धोक्याच्या रकान्यात टाकायला मोठं मन लागतं. आज झटका येऊन गेलेल्या किंवा हृदयातल्या विजेचा मार्ग बिघडलेल्या रुग्णाला ही गोळी शक्यतो देत नाहीत. उतारवयात सुरू करायची झाली तर आधी ईसीजी काढतात. त्यामागे हा सगळा इतिहास आहे.

विषबाधेचे उपचारही अशाच वळणानं गेले. 1970 च्या दशकात फायसोस्टिग्मिनचं इंजेक्शन उतारा म्हणून देत. त्यानंतर हृदय बंद पडल्याच्या नोंदी 1980 मध्ये आल्या आणि ते मागे पडलं. 1985 मध्ये बोनर्ट आणि लव्हजॉय यांनी 49 रुग्णांच्या ईसीजीवरून दाखवलं की रक्तातल्या पातळीपेक्षा त्या रुंद होणाऱ्या पट्टीवरून फिट किंवा ठोके बिघडण्याचा धोका जास्त चांगला कळतो. रुंदी वाढली की शिरेतून सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे स्वयंपाकघरातला खायचा सोडाच पण निर्जंतुक द्रावणाच्या रूपात, देतात आणि तो खरोखर जीव वाचवतो. मात्र पहिल्या तासाभरात ठीक दिसणारा माणूस पुढच्या काही तासांत एकाएकी कोसळू शकतो. त्यामुळे 'थोडी झोप लागलीय, उठेल' म्हणून घरी वाट पाहण्याची चूक करू नये, चूळ भरायला लावू नये, उलटी काढू नये. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत घालून थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

या धोक्यामुळे औषध लिहिण्याची पद्धत बदलली. एकाच वेळी महिन्याच्या गोळ्या न देता आठवड्याच्या किंवा पंधरा दिवसांच्या द्यायच्या, त्या घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात ठेवायच्या, लहान मूल असलेल्या घरात कुलपात. अंथरुणात लघवी करणाऱ्या मुलांना पूर्वी इमिप्रामिन सर्रास देत, त्यामुळे गोळ्या मुलांच्या हाताशीच असत. डेसिप्रामिन हे याच कुळातलं औषध घेणाऱ्या काही मुलांच्या आकस्मिक मृत्यूंच्या नोंदी 1990 च्या सुमारास अमेरिकेत आल्या आणि मुलांच्या बाबतीत डॉक्टर आणखी सावध झाले.

याच काळात प्रोझॅक (फ्लुऑक्सेटिन) हे नव्या पिढीचं औषध आलं. डिसेंबर 1987 मध्ये अमेरिकेत मंजुरी, आणि नंतरच्या दहा वर्षांत ट्रायसायक्लिक मागच्या बाकावर गेलं. नवी औषधं जास्त गुणकारी होती म्हणून हे झालं, असं कुणी म्हटलं तर पटत नाही. ती जास्त मात्रेत जीवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी होती, एवढं मात्र खरं, आणि एवढं पुरेसं होतं. 2018 मध्ये लॅन्सेटमध्ये चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 21 औषधं, 522 चाचण्या आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्ण यांचा एकत्र विचार केला, तेव्हा गुणात ॲमिट्रिप्टिलीन पहिलं आलं. पण ते पहिलं लिहून देण्याचं औषध ठरलं नाही, कारण डॉक्टर गुणाबरोबर जोखीमही मोजतो. ब्रिटनमध्ये डोसुलेपिन या ट्रायसायक्लिकबाबत तर 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनी नव्या रुग्णाला सुरू करू नका, असंच सांगितलं. आपल्याकडे तेच औषध 'प्रोथियाडेन' या नावानं कितीतरी घरांत ओळखीचं आहे.

आपल्याकडची गोष्ट वेगळ्या रस्त्यानं गेली. ॲमिट्रिप्टिलीन जागतिक आरोग्य संघटनेच्या 1977 च्या पहिल्याच अत्यावश्यक औषधांच्या यादीत होतं. भारतात ते स्वस्तात मिळत राहिलं, आणि मानसोपचाराच्या बाहेरच जास्त रमलं. मधुमेहामुळे पायांत होणारी आग, नागीण बरी झाल्यावरही राहणारी ठणक, अर्धशिशी, पाठदुखी या सगळ्यांवर कमी मात्रेत ते दिलं जातं. 1980 च्या दशकात नागीण आणि मधुमेहाच्या वेदनांवर त्याचा गुण चाचण्यांमध्ये दिसला होता. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या 463 जणांवरच्या चाचणीत आतड्याच्या जुनाट तक्रारींवरही दिसला, 10 ते 30 मिलिग्रॅमच्या मात्रेत. त्या चाचणीत रुग्ण आपल्या त्रासाप्रमाणे मात्रा स्वतःच वाढवत-घटवत होते, पण हातात लेखी पत्रक होतं.

इथं पत्रक नसतं. मेडिकलच्या काउंटरवर एकदा उभं राहून पाहावं. आजोबा कात्रीनं कापलेला पट्टीचा तुकडा पुढे करतात. त्यावर औषधाच्या नावाची शेवटची तीन अक्षरं उरलेली, मिलिग्रॅमचा आकडा कात्रीखाली गेलेला. 'हीच द्या, नसांची आहे.' दुकानदारानं अंदाजानं 25 ची दिली आणि मूळ 10 ची असली, तर आजोबा दुसऱ्या दिवशी दहापर्यंत उठत नाहीत, आणि उठल्यावर बाथरूमच्या वाटेवर तोल जातो. वृद्धांच्या बाबतीत खरी भीती मेंदूपेक्षा खुब्याच्या हाडाची. रक्तदाब उभं राहताच घसरतो, म्हणून पलंगाच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसावं आणि मग उभं राहावं. प्रोस्टेटचा त्रास असेल तर लघवी अडू शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्यातला दाब वाढू शकतो. अमेरिकेत मार्क बियर्स यांनी 1991 मध्ये वृद्धांना टाळावीत अशा औषधांची यादी केली, तेव्हा ॲमिट्रिप्टिलीन त्यात होतं आणि आजही आहे.

वेदनेसाठी दिलेली गोळी 'डिप्रेशनची' आहे हे मोबाइलवर वाचून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. उलटही पाहिलं आहे: नैराश्यासाठी एका डॉक्टरांनी दिलेली फ्लुऑक्सेटिन चालू असताना दुसऱ्यांनी पायाच्या आगीसाठी ॲमिट्रिप्टिलीन दिलं, आणि 'ती मनाची, ही नसांची' म्हणून रुग्णानं एकाला दुसऱ्याचं सांगितलंच नाही. फ्लुऑक्सेटिन यकृतातल्या ज्या विकराचं काम मंद करतं, त्याच्याकडूनच ट्रायसायक्लिकचा निचरा होतो, त्यामुळे रक्तातली पातळी मुकाट्यानं चढत जाते. दारूबरोबर किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी दुप्पट होते, आणि ॲमिट्रिप्टिलीन व क्लोरडायझेपॉक्साइड हे गुंगी आणणारं औषध एकाच गोळीत असलेली औषधं आपल्या बाजारात आहेतच. द्विध्रुवी आजार ओळखू न येता नुसती ही गोळी दिली, तर काहींचा मूड एकदम वर उसळतो.

ट्रायसायक्लिकचा निचरा करणाऱ्या विकराचं माणसागणिक वेगळेपण स्वीडनमध्ये 1969 मध्येच दिसलं होतं. जुळ्यांना नॉरट्रिप्टिलीन हे ट्रायसायक्लिक देऊन रक्त तपासलं, तेव्हा एकसारख्या जुळ्यांच्या पातळ्या जवळजवळ सारख्या निघाल्या, आणि भिन्न जुळ्यांमध्ये कितीतरी तफावत. 1971 मध्ये मारी ओस्बेर्ग यांनी त्याच औषधाबाबत दाखवलं की पातळी एका मर्यादेपलीकडे गेली की गुण उलट घटतो. जनुक तपासून मात्रा ठरवण्याच्या सूचना आता आहेत. आपल्याकडे ती तपासणी क्वचितच होते. म्हणून चांगला डॉक्टर रात्री झोपताना कमी मात्रेपासून सुरू करतो, आठवड्यानं विचारपूस करून वाढवतो, आणि थांबवताना चार आठवडे घेत उतरवतो, कारण एकदम सोडली तर मळमळ, घाम आणि झोपेचा खेळखंडोबा होतो. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर ऑक्टोबर 2022 पासून मराठीतही बोलता येतं. आत्महत्येचे विचार घरातल्या कुणी बोलून दाखवले, तर गोळ्यांच्या पट्ट्या उचलून ठेवाव्यात आणि लगेच डॉक्टरांना फोन करावा.