वीतभर गारवा : रानातल्या लहान निवाऱ्यांविषयीचे गैरसमज

महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणजे पूर्णपणे उष्ण कटिबंधात येतात. त्यामुळे फिलिपिन्समधल्या बेडकाला किंवा बोर्निओतल्या किड्याला कडक उन्हात काय होतं, हा प्रश्न आपल्याला परका नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपुढे गेला की माणसांसाठी इशारे निघतात, कामाच्या वेळा बदलतात. रानातल्या पालीला, बेडकाला, गोमेला असं कोणी काही सांगत नाही. त्यांचं जगणं एखाद्या कपारीवर, ढोलीवर किंवा ओल्या पाचोळ्याच्या थरावर अवलंबून असतं, आणि नेमक्या याच जागांविषयी आपल्या समजुती फार चुकीच्या आहेत.

गैरसमज : उष्ण प्रदेशातल्या प्राण्यांना उकाड्याची सवयच असते.

वस्तुस्थिती : त्यांना सवय असते ती तापमानाच्या एका अरुंद पट्ट्याची. थंड प्रदेशातला प्राणी वर्षभरात गोठवणारा हिवाळाही पाहतो आणि उबदार उन्हाळाही. सदाहरित जंगलात मात्र महिने बदलले तरी तापमान फारसं हलत नाही, त्यामुळे तिथल्या जीवांची शरीरं त्या थोडक्या अंतरापुरतीच घडलेली असतात. हा विचार जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी १९६७ मध्ये मांडला. पुढे २००८ मध्ये कर्टिस डॉइच आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या कीटकांची तुलना केली. उष्ण कटिबंधातले कीटक त्यांना सर्वांत मानवणाऱ्या तापमानाच्या अगदी जवळ आजच जगत आहेत, असं त्यांना दिसलं. तापमानवाढीचा आकडा ध्रुवांकडे मोठा असला, तरी थोड्याशा वाढीनेही घात होण्याची शक्यता इथे अधिक आहे.

गैरसमज : हवामानाच्या बातमीत सांगतात तेच तापमान प्राण्याला सोसावं लागतं.

वस्तुस्थिती : वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीत ठेवलेला असतो. तिथे कुठलीही पाल राहत नाही. त्याच दुपारी उघड्या कातळाचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि त्याच कातळाच्या खोल फटीत हात घातला तर गारवा लागतो. मातीत उष्णता हळूहळू उतरते, म्हणून दिवस-रात्रीचा चढउतार हातभर खोलीवर जवळजवळ विरून जातो. जंगलाच्या छताखालीही हाच अनुभव येतो. जगभरच्या मोजमापांचा मेळ घालणाऱ्या २०१९ च्या एका अभ्यासात जंगलातलं कमाल तापमान बाहेरच्यापेक्षा सरासरी चार अंशांनी कमी आढळलं. एकाच रानात, एकाच क्षणी, वीतभर अंतरावर दोन वेगळी हवामानं नांदत असतात. प्राणी त्यातलं एक निवडतो.

गैरसमज : ढोलीत किंवा पाचोळ्यात एक-दोन अंश कमी असले म्हणून काय फरक पडणार?

वस्तुस्थिती : फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावर ब्रेट शेफर्स आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच मोजलं आणि त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. माती, झाडांच्या ढोली, फांद्यांवर वाढणारे नेचे, दाट पालवी अशा जागांमध्ये त्यांनी तापमान नोंदवलं. सरासरी फरक खरोखरच एक ते दोन अंशांचा निघाला. पण सरासरीने कोणी मरत नाही. जीव जातो तो दुपारच्या त्या टोकाच्या तासांमध्ये. आणि टोकाच्या तापमानाला तोंड द्यावं लागण्याचा काळ या निवाऱ्यांमध्ये १४ ते ३१ पटींनी कमी झालेला दिसला. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

तिथले प्लॅटिमँटिस गटातले बेडूक पाण्यात अंडी घालतच नाहीत. त्यांच्या अंड्यांतून थेट इवलेसे बेडूक बाहेर येतात, मधली शेपटीवाली अवस्था नसते. त्यामुळे अंड्यांना ओलसर जागा मिळाली नाही तर पुढची पिढीच नाही. अशा जागांपैकी एक म्हणजे झाडांवर वाढणारा बर्ड्स नेस्ट फर्न. आपल्याकडच्या रोपवाटिकांत कुंडीत मिळतो तोच हा नेचा. रानात त्याच्या रुंद पानांच्या मधल्या खोलगटात वरून गळणारा पाचोळा साचतो, कुजतो आणि पाणी धरून ठेवतो. बोर्निओतल्या पावसाळी जंगलात असा एकेक नेचा दोनशे किलोंपर्यंत वजनाचा होतो. त्यांच्यात राहणारे कीटक आणि इतर लहान जीव मोजल्यावर जंगलाच्या छतातल्या अशा जीवांच्या एकूण वजनाचा अंदाज दुप्पट करावा लागला, असं एलवूड आणि फॉस्टर यांनी २००४ मध्ये दाखवलं. अशा निवाऱ्यांतल्या गारव्याचं मूळ ओलाव्यात आहे. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. बेडकाची कातडी पाणी सहज सोडते, म्हणून त्याच्यासाठी ओल आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच.

गैरसमज : झाडं आहेत, सावली आहे, म्हणजे झालं.

वस्तुस्थिती : बोर्निओच्या सबाह भागात पाम तेलाच्या मळ्यांतलं कमाल तापमान मूळ जंगलापेक्षा साडेसहा अंशांपर्यंत जास्त नोंदवलं गेलं आहे. झाडं मळ्यातही असतात. नसतात ते जंगलाचे एकावर एक थर, वेली, पडलेली खोडं आणि जाड पाचोळा. उलट त्याच सबाहमध्ये, निवडक वृक्षतोड होऊन नऊ ते बारा वर्षं लोटलेल्या जंगलात पाचोळा, ढोली आणि ओंडके पुन्हा जवळजवळ मूळ जंगलाइतके थंड राहू लागल्याचं २०१८ च्या अभ्यासात दिसलं. तोड झालेलं रान म्हणजे संपलेलं रान असं म्हणून ते मळ्यासाठी देऊन टाकणं किती चुकीचं आहे, हे यावरून कळतं.

गैरसमज : पडलेले ओंडके, पोकळ झाडं, वारुळं, सुटे दगड हा सगळा पसारा आहे. तो साफ केलेला बरा.

वस्तुस्थिती : हा समज सर्वांत जास्त नुकसान करतो, आणि आपल्या दाराशीच करतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जांभ्याच्या सड्यांना, म्हणजे उघड्या कातळपठारांना, कागदोपत्री पडीक म्हटलं जातं. पावसाळ्यात फुलांनी भरणारा सडा आपण कौतुकाने पाहायला जातो. मे महिन्यात तोच सडा भाजून निघतो आणि सारं जीवन सुट्या दगडांखाली सरकतं. पांढऱ्या पट्ट्यांची व्हायपर गेको ही छोटी पाल याच भागातली, अशाच दगडांखाली राहणारी. विंचू, गोमा, कोळी, साप, पावसाच्या दिवसांत देवगांडुळं, सगळ्यांची घरं तीच. आंबा-काजूच्या लागवडीसाठी सुरुंग लावून खड्डे घेतले, यंत्राने सपाटीकरण केलं, दगड गोळा करून गडगे घातले की एका हंगामात हे सगळे निवारे जातात. बाग उभी राहू नये असं माझं म्हणणं नाही. कोकणातल्या माणसाला उत्पन्न हवंच. पण सड्याचा काही भाग दगडांसकट जसाच्या तसा सोडणं शक्य असतं आणि ते व्हायला हवं.

जुन्या झाडाची ढोली गेली तर लाकडी पेटी टांगून भरपाई होईल, हेही तितकंसं खरं नाही. जाड खोड उष्णता हळू आत येऊ देतं. पातळ फळ्यांची पेटी उन्हात नैसर्गिक ढोलीपेक्षा जास्त तापते, असं अनेक मोजमापांत आढळलं आहे.

गैरसमज : निवारा असला की प्राणी कितीही उष्णता निभावून नेतील.

वस्तुस्थिती : बिळात बसलेल्या सरड्याला खायला मिळत नाही. बॅरी सिनेर्वो आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतल्या सरड्यांच्या दोनशे जागा पुन्हा तपासल्या, तेव्हा १९७५ नंतर त्यातल्या १२ टक्के जागांवरून सरडे नाहीसे झालेले आढळले. विणीच्या काळात उन्हामुळे लपून बसायचे तास वाढले आणि भक्ष्य शोधायला वेळच उरला नाही, असं कारण त्यांनी २०१० मध्ये मांडलं. दुष्काळात पाचोळा आणि नेचा कोरडे पडतात तेव्हा त्यांचा गारवाही जातो. शिवाय निवारा सर्वांनाच मिळत नाही. ऑस्ट्रेलियात उघड्या फांद्यांवर लटकणारी फळवटवाघळं ४२ अंशांपुढे मरू लागतात. तिथल्या केर्न्स परिसरात नोव्हेंबर २०१८ च्या उष्णतेच्या लाटेत चष्मेवाली फळवटवाघळं सुमारे २३ हजारांच्या संख्येने मेली. वीतभर निवारा प्राण्यांना वेळ मिळवून देतो. तापमानवाढ रोखण्याचं काम त्याच्यावर ढकलता येणार नाही.

गैरसमज : दगड उलटून खाली काय आहे ते पाहिलं तर काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : बिघडतं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ केलेल्या अभ्यासात दगड थोडासा सरकला तरी त्याखालच्या फटीचं तापमान बदलतं आणि सरपटणारे प्राणी ती जागा टाळतात, असं दिसलं. दगड पूर्वीसारखा बसवल्यावर ते परतही आले. तेव्हा सड्यावर, किल्ल्यावर किंवा ओढ्याकाठी गेलात तर दगड उचलू नका, मुलांनाही उचलू देऊ नका. आणि उचललाच, तर होता त्याच जागी, त्याच बाजूवर, फट होती तेवढीच ठेवून परत बसवा.