शिजलेला भात शिजलेलाच राहावा म्हणून

१९४१ साली अताउल्ला दुर्राणी नावाचे एक अफगाण गृहस्थ न्यूयॉर्कमध्ये ‘जनरल फूड्स’ या बड्या खाद्यकंपनीच्या साहेबापुढे जाऊन उभे राहिले. हातात एक छोटी शेगडी आणि स्वतः तयार केलेले तांदूळ. त्यांनी तिथेच पाणी उकळलं, त्यात तांदूळ टाकले आणि मिनिटभरात साहेबापुढे भात ठेवला. साध्या तांदळाला पंधरा-वीस मिनिटं लागतात हे साहेबालाही ठाऊक असणार. कंपनीने हे तंत्र उचललं. युद्धकाळात तो भात अमेरिकी सैनिकांच्या शिध्यात गेला आणि युद्धानंतर ‘मिनिट राइस’ या नावाने दुकानांत आला.

दुर्राणी त्यावर श्रीमंत झाले. १९६४ मध्ये ते वारले तेव्हा मृत्युपत्रात बराचसा पैसा त्यांनी मीर तकी मीर आणि गालिब यांच्या काव्याच्या इंग्रजी अनुवादासाठी आणि अभ्यासासाठी ठेवला होता. तो हार्वर्ड विद्यापीठाकडे गेला आणि सूफी काव्याच्या थोर जर्मन अभ्यासक ॲनमारी शिमेल यांचं तिथलं अध्यापनपद त्यातूनच उभं राहिलं. अमेरिकी गृहिणींच्या घाईने गालिबला पोसलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण त्याहून मोठं नवल त्या दाण्याच्या आत आहे. तांदूळ शिजवणं फारसं अवघड नाही. शिजलेला भात शिजलेलाच ठेवणं, ही खरी अडचण. डबाबंद भात, पाकिटातला पुलाव, गरम पाणी ओतून खायचा भात, हे सगळे त्या एकाच अडचणीवरचे तोडगे आहेत.

तांदळाच्या वजनातला तीन चतुर्थांशाहून अधिक भाग स्टार्चचा. त्यात दोन प्रकारचे रेणू असतात: लांब साखळीसारखं अमायलोज आणि झाडासारख्या फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. कच्च्या दाण्यात हे रेणू इतके घट्ट बसलेले असतात की पाणी नीट आत शिरत नाही आणि पोटातल्या पाचकरसांनाही फारसं काही करता येत नाही. भोवती पाणी असताना तापमान ५५ ते ७९ अंश सेल्सियसच्या दरम्यान पोचलं की, तांदळाच्या जातीप्रमाणे थोडं अलीकडे-पलीकडे, ही घट्ट रचना मोडते. पाणी आत घुसतं, दाणा फुगतो, मऊ होतो. भात झाला.

आणि तो निवायला लागल्याक्षणी उलटा प्रवास सुरू होतो. मधल्या सुट्टीनंतर घंटा झाली की पोरं जशी पुन्हा रांगेत उभी राहतात, तसे रेणू एकमेकांशेजारी लागू लागतात आणि मधलं पाणी बाजूला सारतात. शिळा भात कडक होतो तो वाळल्यामुळे, असा आपला समज असतो. पण हवाबंद डब्यात, एक थेंबही पाणी न गमावता तो तितकाच कडक होतो. आणि सगळ्यांत लवकर होतो तो फ्रिजमध्ये, शून्याच्या किंचित वरच्या तापमानाला. गोठवला तर मात्र ही रांग लागायची थांबते. म्हणून उरलेला भात मऊ ठेवायचा असेल तर तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यापेक्षा फ्रीझरमध्ये बरा.

यात एक गंमत आहे. अमायलोज काही तासांतच रांग लावून मोकळं होतं आणि ती रांग मोडायची तर सव्वाशे अंशांच्याही वर जावं लागतं, म्हणजे घरच्या पातेल्यात ते कधीच मोडत नाही. अमायलोपेक्टिनला रांग लावायला दिवस लागतात, पण साठेक अंशांना ते पुन्हा सैल होतं. फोडणीचा भात सकाळी कढईत मऊ होतो, तरी दाणे सुटे राहतात, त्यामागे ही दोन रेणूंची दोन वेळापत्रकं आहेत. पाकिटावर ‘९० सेकंद मायक्रोवेव्ह’ असं लिहिलेलं असतं तेही यामुळेच. त्या दीड मिनिटात भात शिजत नसतो. तो केव्हाच शिजलेला असतो, फक्त सैल होत असतो.

दुर्राणींची युक्ती अशी: रेणूंना रांग लावायला पाणी लागतं ना, मग ते त्यांच्या हाताशी ठेवायचंच नाही. भात शिजवायचा आणि फुगलेला असतानाच गरम हवेच्या जोरदार झोतात झटपट वाळवायचा. दाणा आकसायच्या आत पाणी निघून जातं, मागे असंख्य सूक्ष्म भोकं उरतात. पुढे उकळतं पाणी पडलं की ते त्या भोकांतून थेट आत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपाननेही सैन्यासाठी असाच वाळवलेला भात केला. तिकडे त्याला ‘अल्फा’ भात म्हणतात. गरम पाण्यात तो पंधरा मिनिटांत तयार होतो आणि गरम पाणी नसेल तर साध्या पाण्यात तासाभरात. यातला दुसरा पर्याय महत्त्वाचा आहे. भूकंपानंतर गॅस नसतो, वीज नसते, बाटलीतलं पाणी असतं. पाच वर्षं टिकणारा हा भात जपानमध्ये नगरपालिका, शाळा आणि घरं आपत्तीसाठी साठवून ठेवतात.

हे वाचून एखाद्या मराठी माणसाने ‘अहो, हे तर आमचे पोहे!’ म्हटलं तर तो चूक नाही. भात भिजवायचा (आपल्याकडे उभ्या पिकालाही आणि ताटातल्यालाही भातच), तापलेल्या वाळूत किंवा कढईत भाजायचा आणि गरम असतानाच कांडून चपटा करायचा. स्टार्च शिजलेला, पाणी उडालेलं, दाणा इतका पातळ की पाण्याला आत शिरायला अंतरच नाही. म्हणून पोहे चाळणीत नुसते धुतले तरी खाता येतात. आसामात ‘कोमल चाउल’ आहे. अमायलोज फार कमी असलेल्या जातींचा तांदूळ उकडून, वाळवून ठेवतात. पाण्यात भिजवला की भात. दही, गूळ घालून न्याहारी होते, चूल पेटवावी लागत नाही.

कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ याच घराण्यातला, पण त्याचा हेतू झटपटपणा नाही. उलट त्याला शिजायला जास्त वेळ लागतो. साळीसकट उकडल्यामुळे कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरतं आणि सडताना तितकं वाया जात नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी मलायात पॉलिश केलेला पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर याच जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या बेरीबेरीने मरत होते आणि उकडा खाणारे तमिळ मजूर बहुतेक बचावत होते. आणखी एक गुण: उकड्याचा दाणा उकळत्या रश्शातही फुटत नाही. म्हणून सूपच्या डब्यांत तांदूळ घालायचा झाला की कारखानदार उकडाच पसंत करतात.

आता डब्याकडे येऊ. इथे पाणी काढायचं नाही, भात ओला आणि तयारच ठेवायचा. मग शत्रू बदलतो. भातात आंबटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे हवाबंद डबा म्हणजे बोट्युलिझमच्या जंतूला आयतं घर. त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. डब्याच्या अगदी मध्यभागी १२१ अंश तापमान निदान तीन मिनिटं टिकेल इतकी उष्णता द्यावी लागते आणि त्यासाठी दाबाखाली चालणारं ‘रिटॉर्ट’ यंत्र लागतं. आमटी किंवा सूप डब्यात आतल्या आत फिरतं आणि उष्णता पसरवतं. भात ठोकळ्यासारखा बसतो. उष्णता कडेकडून रांगत मध्यावर पोचेपर्यंत कडेचा भात लगदा झालेला असतो. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या ‘अँब्रोसिया’ने दुधातल्या तांदळाची खीर डब्यात भरली आणि ती दणकून खपली याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. खिरीत लगदा हा दोष नसतो.

जपानी सैन्याच्या डबाबंद भाताची तर वेगळीच तऱ्हा होती. डबा आधी सुमारे पंचवीस मिनिटं उकळायचा, नाहीतर आतला भात चावेना. भाताचा भात आणि वर पुन्हा चूल!

यातून सुटका केली ती चपट्या पाकिटाने. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमचा वर्ख आणि पॉलिप्रॉपिलीन यांचे थर चिकटवलेलं रिटॉर्ट पाकीट बोटभर जाडीचं. उष्णतेला जायला अंतर कमी, त्यामुळे आच कमी वेळ द्यावी लागते आणि दाणा शाबूत राहतो. आपल्याकडे यावर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने मोठं काम केलं. ही संस्था १९६१ची. सियाचीनसारख्या ठिकाणी, जिथे पाणी उकळणंच दिव्य, तिथल्या जवानांसाठी तिने तयार जेवणाची पाकिटं बनवली. १९८४ मध्ये राकेश शर्मा अवकाशात गेले तेव्हा त्यांच्यासोबतचा पुलाव याच प्रयोगशाळेतला होता. आज किराणा दुकानात दिसणारी ‘गरम करा आणि खा’ पाकिटं याच तंत्राची.

जपान आणि कोरियाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. निगाताच्या ‘सातो’ कंपनीने १९८८ मध्ये आणि कोरियाच्या ‘हेत्बान’ने १९९६ मध्ये असा भात आणला की जो बंद केल्यावर जंतू मारण्यासाठी पुन्हा तापवायचाच नाही. तांदूळ वाटीत भरून दाबाच्या वाफेने काही सेकंदांत जंतुरहित करायचा, त्याच वाटीत भात शिजवायचा आणि औषधांच्या कारखान्यात असते तशा निर्जंतुक खोलीत वर झाकण चिकटवायचं. सांभाळायची ती हवा, भात नव्हे. परिरक्षक द्रव्य न घालता तो महिनोन्‌महिने टिकतो आणि चवीला कुकरमधल्या भाताच्या इतका जवळ जातो की कोरियातली कितीतरी एकटी राहणारी माणसं आता घरी तांदूळ आणतच नाहीत. चिकट, आखूड दाण्याच्या जाती इथे मदतीला येतात, कारण अमायलोज कमी, म्हणजे कायमची रांग लावणारा रेणूच कमी.

आपल्याकडे तयार भाताला नाक मुरडतात. ‘भात काय विकत आणायचा?’ रोजच्या जेवणापुरतं हे मलाही मान्य. किलोभर तांदळाच्या किमतीत अशी थोडीच पाकिटं येतील, शिवाय प्लॅस्टिकचा कचरा. पुलाव-बिर्याणीच्या पाकिटांत मीठही सढळ असतं. पण घरचा भात अधिक सुरक्षित, हा समज तपासून घ्या. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते कुकरमधूनही वाचू शकतात. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात ते वाढतात आणि त्यांचं उलटी घडवणारं विष सकाळच्या फोडणीने नष्ट होत नाही. त्या मानाने न फोडलेलं पाकीट कितीतरी निर्धोक.

आणि पूर येतो तेव्हा? २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं. अशा वेळी तांदळाचं पोतं काय कामाचं, चूलच पाण्यात असताना? त्या घडीला चिवडा, कुरमुरे आणि पोहे हेच आपले आपत्तीचे डबे ठरतात. त्यांच्या जोडीला तयार भाताची पाकिटं असायला काहीच हरकत नाही.

तेव्हा नदीकाठी राहत असाल, घरात एकटे वृद्ध असतील किंवा मुलगी परगावी वसतिगृहात असेल, तर साध्या भाताची चार-पाच पाकिटं घेऊन ठेवा. घेताना फुगलेलं पाकीट घेऊ नका आणि घटकांची यादी वाचा: तांदूळ, पाणी, फार तर चमचाभर तेल, एवढंच असावं. पाकीट फोडलं की मात्र त्याला घरच्या भाताचेच नियम लागू. उरलेला भात तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.